उद्योजकाचे गुण अंगात आहेत का, हे नोकरी सोडण्याआधी कसं तपासायचं? (उदाहरण : लाकडी घाणा)

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. 'मला धंदा जमेल का?' असं कुणी विचारलं की उत्तरं ठरलेली येतात : जिद्द हवी, चिकाटी हवी, जोखीम घ्यायची तयारी हवी. खोटं त्यात काही नाही, पण विचारणाऱ्याच्या हाती काय लागलं? जिद्द आपल्यात नाही असं कोण म्हणेल? प्रश्नावलीत 'तुम्ही संकटात खचता का' याच्यासमोर सगळेच 'नाही'वर खूण करतात, कारण त्या क्षणी समोर संकट नसतं, कागद असतो.

म्हणून या धाग्यात एक पथ्य पाळू. गुणाचं नाव घेतलं की तो तपासायचा कसा, किती दिवसांत आणि किती रुपयांत, हेही लिहायचं. बोलणं हवेत जाऊ नये म्हणून शेंगदाणा तेलाचा लाकडी घाणा घेऊ. आपल्याकडे नोकरी सोडून घाणा टाकायचा विचार करणारे बरेच आहेत.

सुरुवात हिशेबापासून. दाणा १२० रुपये किलो धरू. एका घाण्यात १५ किलो म्हणजे १,८०० रुपयांचा माल. उतारा ४० टक्के धरला तर ६ किलो तेल. शेंगदाणा तेलाचा लिटर ९१० ग्रॅमच्या आसपास भरतो, म्हणजे हे झालं साधारण ६.६ लिटर. पेंड साडेआठ किलो, ४० रुपयांनी ३४० रुपये परत आले. उरले १,४६०, म्हणजे लिटरमागे २२१ रुपये नुसत्या मालाचे. वीज ३ रुपये. बाटली, झाकण, लेबल, खोका मिळून १६. दिवसाला सहा घाणे (४० लिटर) आणि ५०० रुपये हजेरीचा एक माणूस धरला तर मजुरी साडेबारा. महिना ८,००० भाड्याचे ८. झाले २६०-२६१.

३२० ला विकलं तर साठेक रुपये सुटतात असं वाटतं. तेच दुकानात ठेवलं की दुकानदाराचे १५ टक्के, म्हणजे ४८ गेले. राहिले ११. त्यातून मालकाचा पगार, कर्जाचा हप्ता आणि सांडलवंड भागवायची.

अजून पुढे. रोज ४० लिटर, वर्षाचे ३०० दिवस, म्हणजे १२,००० लिटर आणि ३८ लाख ४० हजारांची विक्री. जीएसटी नोंदणीची मालासाठीची मर्यादा ४० लाख आहे, त्यामुळे वाटतं आपण आत आहोत. पण पेंडीचे सहा लाख त्यात मिळवले की ओलांडली. मग त्याच ३२० मधून ५ टक्के कर काढायचा, लिटरमागे १५ रुपये. खरेदीवरच्या कराचा परतावा मिळेल तेवढा वजा.

तर पहिली तपासणी ही : आपल्या गावात चालणारे दर घालून हा हिशेब एका रविवारी स्वतः मांडा. मग दाण्याचा भाव दहा रुपयांनी चढवून पुन्हा मांडा (लिटरमागे जवळपास २३ रुपये वाढतात). मग उतारा ३६ टक्क्यांवर आणून पुन्हा. तिसऱ्या वेळी 'कळलं की, आता पुरे' असं वाटलं तर ती गोष्ट नोंदवून ठेवा. घाणा चालू झाल्यावर हे गणित दर आठवड्याला करावं लागतं आणि ते दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

घाणा_आणि_पेंड

हिशेब बरोबर आहे. फक्त ४० टक्के उतारा चांगल्या, भरलेल्या दाण्याचा असतो. स्वस्त मिळाला म्हणून बारीक, सुरकुतलेला दाणा आणला तर किलोमागे वाचलेले पाच-सहा रुपये उताऱ्यात निघून जातात.

माझ्या दृष्टीने मोठा गुण म्हणजे थांबता येणं. दाणा फार कोरडा असेल तर घाण्यात त्याचा नुसता भुगा फिरत राहतो, तेल सुटत नाही, म्हणून थोडं पाणी शिंपडतात. घाईत पाणी जास्त पडलं की पेंड चिकट होते, तेल गढूळ निघतं आणि टिकतही नाही. एका घाण्याला पाऊण ते एक तास लागतो. मोटरचा वेग वाढवून तो अर्ध्या तासावर आणला तर तेल तापतं आणि 'लाकडी घाणा' म्हणून जे विकतोय तेच हातचं जातं.

निघालेलं तेल दोन-तीन दिवस स्टीलच्या टाकीत निवळू द्यायचं, मग फडक्यातून गाळायचं. समजा शनिवारी संध्याकाळी गिऱ्हाईक दारात उभं आहे, पाच लिटर हवंय, रोख पैसे हातात आहेत आणि टाकीतलं तेल सकाळचंच आहे. भरून दिलं तर आठवड्यात बाटलीच्या तळाला बोटभर गाळ बसतो, कढईत फेस येतो आणि त्या घरात 'भेसळ आहे' हा शब्द उच्चारला जातो. तो शब्द मग सोसायटीभर फिरतो. 'मंगळवारी मिळेल' असं हसून सांगता आलं पाहिजे.

दुसरी गोष्ट कुणी बघत नसताना करायची आहे. बुरशीचा, काळपट दाणा हाताने निवडून काढावा लागतो. बुरशीतून येणारं अफ्लाटॉक्सिन हे विष डोळ्यांना दिसत नाही, चवीलाही कळत नाही. घाण्याचं तेल रिफाइंड होत नाही, त्यामुळे तेलात उतरलेला अंश तसाच राहतो. बराचसा पेंडीत जातो, तिथून जनावराच्या पोटात आणि दुधात. ५० किलोच्या पोत्यात दीड किलो खराब दाणा निघाला तर १८० रुपये फेकायचे. रात्री साडेनऊला, पाठ दुखत असताना, शेवटचं पोतं तसंच ओतावंसं वाटतं. हा गुण तपासायला यंत्र नको. एक पोतं आणा आणि सगळं निवडा. किती वेळ लागला आणि शेवटच्या दहा किलोंना हात तसाच चालला का, ते बघा.

उमेदवारी

उद्योजकता प्रशिक्षणात एक खेळ घेतात, तो इथे सांगण्यासारखा आहे. जमिनीत खुंटी असते, तिच्यापासून १५ फुटांपर्यंत दर फुटाला खडूची रेघ आणि हातात दोरीची चार कडी. जितक्या लांबून कडं खुंटीत पडेल तितके गुण जास्त. फेकण्याआधी 'मी इतके गुण मिळवणार' हे कागदावर लिहून द्यायचं. तीन फेऱ्या.

काही जण दोन फुटांवर उभे राहतात. सगळी कडी पडतात, गुण थोडेच. काही जण थेट चौदाव्या रेघेवर जातात आणि पडलं तर टाळ्या, नाही पडलं तर 'नशीब'. तिसरे सहा-आठ फुटांवर उभे राहून पहिलं कडं टाकतात, ते डावीकडे गेलं का लांब पडलं हे बघतात आणि पाय अर्धा फूट सरकवतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलँड यांना ज्यांच्यात कर्तृत्वाची ओढ जास्त असते त्यांच्यात हीच मधली निवड दिसली. आव्हान आहे, पण निकाल आपल्या हातात आहे, असं अंतर ते शोधतात. 'जोखीम घेणारा तो उद्योजक' हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. चौदा फुटांवरचा माणूसही जोखीमच घेतो.

शिकवताना एक चूक नेहमी होते. पहिल्या फेरीवरून निष्कर्ष काढतात. पहिल्या फेरीत लोक इतरांना दाखवायला फेकतात. बघायचं असतं ते दुसऱ्या फेरीआधी लिहिलेल्या आकड्याकडे. १२ लिहून ३ मिळाले, तर पुढच्या वेळी माणूस ६-७ लिहितो, पुन्हा १२ लिहितो, का रागाने १८? अठरा लिहिणाऱ्याने धंद्यात तोटा भरून काढायला दुसरं कर्ज काढायच्या आधी कुणाला तरी विचारावं, असं त्याला स्पष्ट सांगायला हवं.

घाण्यात हे अंतर म्हणजे पहिली दाणाखरेदी. हंगामात भाव बरा म्हणून पाच टन (सहा लाख) भरणारा चौदाव्या रेघेवर आहे, रोज दुकानातून दहा किलो आणणारा दुसऱ्या. दोन-तीन आठवड्यांच्या खऱ्या विक्रीपुरता माल घेणारा बरोबर जागी उभा आहे.

स्पष्ट_बोलू

सगळं वाचलं. एक असहमती नोंदवतो. गुण शिकून येतात असा सूर लागतोय, तो मला मान्य नाही. हिशेब शिकवता येतो, लेबल लावायला शिकवता येतं. उधारी मागताना ज्याची जीभ अडखळते त्याची ती पन्नाशीतही अडखळते. लोकांना उगाच आशेला लावू नये.

शिवाय 'साहेबाच्या हाताखाली काम नको' हे कारण असेल तर तो गुण धरू नका. धंद्यात साहेब वाढतात : गिऱ्हाईक, बँक, अन्नसुरक्षा अधिकारी, घरमालक.

उमेदवारी

@स्पष्ट_बोलू, दुसऱ्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. पहिल्याला उत्तर काकीनाड्याचं. १९६४ मध्ये मॅक्लेलँड आणि सहकाऱ्यांनी आंध्रातल्या काकीनाडा शहरातल्या व्यावसायिकांना हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत नेऊन हेच, म्हणजे कर्तृत्वाची ओढ कशी वाढवायची ते, शिकवलं. पुढे या लोकांनी प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा व्यवसाय वाढवण्यासाठी जास्त हालचाल केली. म्हणजे काही प्रमाणात शिकता येतं. मात्र तुमच्या बाजूनेही एक मुद्दा त्यात आहे : ती माणसं आधीपासून धंद्यात होती, कोरी पाटी नव्हती. महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्राचे वर्ग जिल्ह्याजिल्ह्यांत होतात. तिथे जाणाऱ्याने आधी दोन महिने काहीतरी विकून मग जावं, फायदा कितीतरी जास्त होतो.

चूल_ते_गल्ला

विकण्याचंच बोलू. यंत्र न घेता ९० दिवसांत हे तपासता येतं.

चालू घाण्यावर मजुरीने तेल काढून मिळतं. ५० किलो दाणा, ६,००० रुपये अधिक मजुरी. हाती २० किलो म्हणजे २२ लिटर तेल. एफएसएसएआयची (अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आधी करा, चाचणी म्हणून सूट नाही. खाद्यतेल सुटं विकायला सर्वसाधारण बंदी आहे, त्यामुळे सीलबंद बाटली आणि लेबलवर निव्वळ माप, किंमत, उत्पादनाची तारीख, बॅच क्रमांक, नोंदणी क्रमांक, शाकाहारी खूण आणि तेल कुणी काढलं, कुणी भरलं हे सगळं हवं. या कागदपत्रांचा वैताग येतो का, हीसुद्धा तपासणीच आहे.

मग ४० अनोळखी दारं आणि १० दुकानं. बहीण, मावशी, ऑफिसातले मित्र यांनी घेतलेल्या बाटल्या मोजायच्या नाहीत. प्रत्येक नकार त्या माणसाच्या शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवा. 'महाग आहे', 'वास उग्र आहे', 'आम्ही सूर्यफूल वापरतो' ही तीन वेगवेगळी उत्तरं आहेत आणि तिघांवर उपाय वेगळा. लहान बाटली पहिल्याला, एक चमचा कोशिंबिरीच्या फोडणीसाठी चाखायला दुसऱ्याला. तिसऱ्याकडे वेळ घालवू नका.

स्वतःकडे दोन जागी नीट बघा. पाचव्या-सहाव्या नकारानंतर पुढचं दार वाजवलं, का भाव २० रुपयांनी उतरवला? नकाराच्या भीतीने भाव पाडणारा नफा नाही, मजुरीच वाटून टाकतो. आणि दुसरं, महिन्याने किती घरांनी दुसरी बाटली मागितली? पहिली कौतुकापोटी जाते. २२ पैकी १२-१३ नवीन घरांत गेल्या आणि त्यातल्या सहा-सातांनी न सांगता पुन्हा फोन केला, तर माल चांगला आहे. एकानेही केला नाही तर दोष मालात असू शकतो. लगेच स्वतःच्या स्वभावाला लावून घेऊ नका.

घरचा हिशेब याच्या आधी. खर्च ३०,००० आणि घराचा हप्ता १४,००० असेल तर वर्षाचे ५ लाख २८ हजार बाजूला. शिल्लक सात लाख असली तर धंद्यात बुडाली तरी चालेल अशी रक्कम १ लाख ७२ हजार, एवढीच. भविष्य निर्वाह निधी यात धरायचा नाही. आकडा कागदावर लिहून घरातल्या दोघांनी सही करावी. कंपनीचा आरोग्य विमा राजीनाम्याबरोबर जातो. नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षा काळ असू शकतो, म्हणून ती नोकरीत असतानाच घ्या. आणि कृपा करून घरातल्या बाईचा वेळ फुकट धरू नका. पॅकिंग ती करणार असेल तर तिचीही हजेरी लावा, मग बघा लिटरमागे किती उरतात.

भोसरी_शेड

घाण्यात रोख तरी येते. आमच्याकडे (व्हीएमसी म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रावर कंपन्यांचे सुटे भाग करून देण्याचं जॉबवर्क) गुणांची परीक्षा वसुलीत होते. @स्पष्ट_बोलू, जीभ अडखळणाऱ्यांसाठी मुद्दाम लिहितोय, कारण पैसे मागणं हे धाडसापेक्षा पद्धतीचं काम जास्त आहे.

महिन्याला दोन लाखांचं बिलिंग आणि ९० दिवसांची उधारी म्हणजे सहा लाख कायम बाहेर. जीएसटी मात्र बिलावर देय होतो, पैसे आले नाहीत तरी. मासिक विवरणपत्र असेल तर पुढच्या महिन्याच्या २० तारखेला. ही कळ सोसता येते का, हे आधी बघा.

बिल अडकलं की नवखा माणूस खरेदी विभागाला फोन करून अजिजी करतो किंवा भांडतो. बऱ्याचदा पैशांची टंचाई नसतेच. गेटवर माल उतरलाय पण जीआरएन (माल मिळाल्याची कंपनीची नोंद) झालेला नाही, किंवा चलनावर ५०० नग आणि ऑर्डरवर ४८० आहेत, किंवा तपासणीत सहा नग बाजूला पडलेत आणि कुणी कळवलेलं नाही. म्हणून क्रम असा : माल दिल्याच्या तिसऱ्या दिवशी स्टोअरला जीआरएन क्रमांक विचारायचा, तो बिलाच्या प्रतीवर लिहायचा, अकाउंट्सला त्यांची पैसे सोडण्याची तारीख विचारायची, तिच्या चार दिवस आधी एक फोन, महिनाअखेरीस खातेउतारा पाठवून शिल्लक लेखी मान्य करून घ्यायची. बिलावर उद्यम (लघुउद्योगांची सरकारी नोंदणी) क्रमांक छापा. उद्यम नोंदणी मोफत आहे, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. लेखी करार असेल तरी सूक्ष्म-लघु उद्योगाला जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे, आणि आयकर कायद्यामुळे ही मुदत उलटून वर्षअखेरीस थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. ही माहिती मार्चमध्ये शांतपणे सांगितली की काम होतं.

वर्षभर हा क्रम न चुकता पाळणारा अबोल माणूस बोलघेवड्यापेक्षा जास्त वसूल करतो. तपासायचं असेल तर सोसायटीची वर्गणी किंवा गणपती मंडळाची थकबाकी गोळा करायचं काम मागून घ्या. दोन महिन्यांत कळेल.

शाखेतून

बँकेच्या टेबलावरून थोडंसं. सीएने करून दिलेला प्रकल्प अहवाल घेऊन माणूस येतो, पानं चाळीस. पहिला प्रश्न असतो : 'महिन्याला किती लिटर विकलं की खर्च निघतो?' अहवाल उलटा करून पानं शोधायला लागला की पुढचं बोलणं मंदावतं.

@कृष्णाकाठ यांच्याच आकड्यांवर करून दाखवतो. भाडं ८,०००, माणूस १२,५००, पाच लाखांच्या कर्जाचा पाच वर्षांचा हप्ता ११ टक्क्यांनी साधारण ११,०००. महिन्याचा ठरलेला खर्च ३१,५००. थेट विक्रीत लिटरमागे ३२० वजा २४० (माल, वीज, बाटली) म्हणजे ८० सुटतात. भागाकार ३९४ लिटर. दुकानामार्फत विकलं तर ३२ सुटतात, ९८४ लिटर. आता मालकाला घरखर्चासाठी २५,००० हवेत असं धरा : थेट विक्रीत ७०६ लिटर, दुकानातून १,७६६. आणि घाण्याची क्षमता महिन्याला हजार लिटर! म्हणजे दुकानांच्या भरवशावर हा धंदा त्या माणसाचं घर चालवूच शकत नाही, गुण कितीही असोत. हे ज्याला कर्जाआधी कळतं त्याच्याशी बोलायला आम्हालाही बरं वाटतं.

अनुदानावर डोळा ठेवून येणारे पुष्कळ. पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात) अनुदान हातात पडत नाही. तीन वर्षं ते बँकेत राखून ठेवलेलं असतं, उद्योग चालू असल्याची खात्री झाल्यावर कर्जात जमा होतं. स्वतःचे १० टक्के (विशेष प्रवर्गाला ५) आधी घालायचे असतात. 'अनुदान नसतं तरी हा धंदा केला असता का?' हे स्वतःला विचारून या. आणि जुनं कर्ज, थकलेलं क्रेडिट कार्ड लपवू नका. सिबिलमध्ये ते दिसतंच. आधी स्वतःहून सांगणाऱ्याबद्दल मत चांगलं होतं.

कृष्णाकाठ

फार उपयोगी प्रतिसाद. @शाखेतून, १,७६६ चा आकडा मी मांडायला हवा होता.

दोन शंका. एखादा गुण नसेलच, उदा. विकणं जमतच नाही, तर भागीदार घ्यावा का? आणि ९० दिवसांच्या वहीत नेमके रकाने कोणते?

चूल_ते_गल्ला

भागीदार घ्यावा, पण मैत्री म्हणून नको. तुमच्यात नाही तेच त्याच्यात हवं. दोघेही तेल काढण्यात रमणारे असले तर विकायला कोण जाणार? ९० दिवसांची चाचणी दोघांनी मिळून करा, त्यात कळतं. मग करारात भांडवल, कामाची विभागणी, दरमहा कुणी किती उचलायचं आणि बाहेर पडायचं असेल तर हिशेब कसा, हे लिहा. फर्मची नोंदणी करा. १९३२ च्या भागीदारी कायद्यात नोंदणी नसलेल्या फर्मला थकबाकीसाठी करारावरून दावा लावता येत नाही.

वहीचे रकाने : तारीख, आज किती जणांना विचारलं, किती नकार आणि त्यांचे शब्द, किती बाटल्या गेल्या (नवीन घर / दुसऱ्यांदा), रोख, उधार आणि कबूल केलेली तारीख, त्या तारखेला मागितले का (हो / नाही), आज धंद्याच्या पैशांतून घरासाठी काही काढलं का, कामाचे तास. रात्री जेवणाआधी लिहायची, दुसऱ्या दिवशी आठवून नाही. ९० पैकी कोऱ्या राहिलेल्या दिवसांसमोर कारण लिहा. आणि 'मागितले का'च्या रकान्यात सलग तीनदा 'नाही' आलं की त्या आठवड्यात नवा दाणा आणू नका, आधी ते पैसे आणा.